सेवेचे तास आणि चामड्याचा हिशेब

सप्टेंबर महिन्यातला तिसरा शनिवार आता आमच्या किनाऱ्यावर एखाद्या तिथीसारखा पाळला जाऊ लागला आहे. पावसाळाभर दर्याने ओकून टाकलेल्या बाटल्या, जाळ्यांची तुकडी, फाटक्या चपला आणि प्लास्टिकच्या पिशव्या वाळूत अर्धवट रुतून पडलेल्या असतात. आणि त्या दिवशी सकाळी एकाच रंगाचे सदरे घातलेली मंडळी हातमोजे चढवून तेथे उतरतात. अमेरिकेच्या टेक्सस राज्यात 1986 साली सुरू झालेला हा किनारा-स्वच्छतेचा उपक्रम आज जगभर चालतो. आपल्या देशात त्याचे संयोजन तटरक्षक दल करते. शाळकरी मुले आणि महाविद्यालयीन विद्यार्थी तर असतातच. अलीकडे त्यांच्या बरोबरीने निरनिराळ्या कंपन्यांचे कर्मचारीही दिसू लागले आहेत. दोन-तीन तासांत गोण्या भरतात, फलक धरून छायाचित्रे निघतात, आणि ऊन चढण्यापूर्वी मंडळी पाव-भाजी खाऊन परततात.

या मंडळींची टवाळी करणे फार सोपे आहे. ती आम्ही करणार नाही. ज्या किनाऱ्यावर आपण जन्मलो तो झाडण्यासाठी आपल्यापैकी कितीजण वाकतात, हे ठाऊक असल्यावर दुसऱ्याच्या वाकण्याला हसण्याचा अधिकार उरत नाही. परंतु कर्मचाऱ्याची सकाळ ही एक गोष्ट आणि त्याच्या कंपनीचा धंदा ही दुसरी. या दोहोंचा परस्परांशी काय संबंध असावा, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे. आणि त्याचे उत्तर शोधताना आम्हाला अमेरिकेतील एका पादत्राणे बनविणाऱ्या कंपनीची हकिकत फार उद्बोधक वाटते. तिचे नाव टिंबरलँड.

नेथन स्वार्ट्झ नावाचा ओडेसाकडून आलेला एक चांभार 1918 साली बॉस्टन शहरात जोड्यांना टाके घालण्याच्या कामावर लागला. 1952 साली त्याने एका लहानशा कारखान्यात निम्मी भागी विकत घेतली, पुढे तो सगळाच घेतला आणि मुलांना हाताशी धरले. 1973 मध्ये या घराण्याने पाणी आत न शिरणारा पिवळा बूट बाजारात आणला. त्या बुटाचे नाव इतके गाजले की 1978 मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले. बांधकामावरच्या मजुरासाठी केलेला हा बूट पुढे डोंगर-रानात हिंडणाऱ्या हौशी मंडळींच्या आणि शहरातल्या तरुणांच्या पायांत गेला.

1989 साली बॉस्टनमधील ‘सिटी इयर’ या तरुणांच्या सेवासंस्थेने कंपनीकडे बुटांचे 50 जोड मागितले. ते देण्यात आले. आणि नेथनचा नातू जेफ्री स्वार्ट्झ देणगी देऊन थांबला नाही, तर स्वतः त्या तरुणांबरोबर कामाला गेला. त्या अनुभवातून 1992 मध्ये कंपनीने एक योजना सुरू केली. प्रत्येक कर्मचाऱ्याने वर्षातून काही तास समाजसेवेला द्यावेत आणि त्या तासांचे वेतन कंपनीने द्यावे, अशी ती योजना. प्रारंभी हे तास 16 होते, ते वाढत 40 झाले. म्हणजे वर्षातला कामाचा एक संपूर्ण आठवडा. शाळांची रंगरंगोटी, उद्यानांची डागडुजी, नदीकाठची सफाई, वृक्षारोपण अशी कामे त्यांत होत.

अशा योजना सुबत्तेच्या काळात कोणीही काढतो. या योजनेची कसोटी 1995 मध्ये लागली. कंपनीला तोटा झाला, काही कारखाने बंद करावे लागले, माणसे कमी करावी लागली. आधी हे सेवेचे लाड बंद करा, असा दबाव जेफ्री स्वार्ट्झवर आला. त्याने ते बंद केले नाहीत. यातही एक बोच आहे, ती आम्ही लपवू इच्छित नाही. ज्याची नोकरी गेली त्या कामगाराला, मागे राहिलेल्यांनी पगारी वेळेत उद्यान रंगविल्याचे कौतुक कितपत वाटले असेल? तरीही अडचणीच्या वर्षी जे टिकले ते केवळ शोभेचे नव्हते, एवढे मान्य करावे लागते.

2001 पासून या कंपनीच्या लोकांनी चीनच्या आतील मंगोलिया प्रांतातल्या होर्चिन वाळवंटात झाडे लावण्यास आरंभ केला. हे वाळवंट मुळात वाळवंट नव्हते, गवताळ रान होते. अतिचराई आणि अविचारी नांगरट यांमुळे त्याची वाळू झाली आणि तिची धूळ वाऱ्यावर जपानपर्यंत पोहोचू लागली. म्हणूनच या कामात जपानी स्वयंसेवक पुढे होते. 2010 पर्यंत तेथे 10 लक्ष झाडे लागली. पुढे हैतीतही शेतकऱ्यांच्या साह्याने रोपवाटिका उभ्या राहिल्या, आणि 2019 मध्ये कंपनीने 2025 अखेर 5 कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला. आकडे मोठे आहेत. ते मोठे असतातच.

परंतु आम्हाला या कंपनीचे खरे महत्त्व वाटते ते झाडांमुळे नव्हे. तिने आपल्या मालाचाच हिशेब मांडण्याचे धाडस केले, त्यामुळे. 2006 मध्ये तिने बुटांच्या खोक्यावर एक तक्ता छापला. खाद्यपदार्थाच्या डब्यावर पोषणद्रव्ये छापतात, त्या धर्तीवर हा बूट बनविताना किती ऊर्जा खर्ची पडली वगैरे तपशील त्यात होता. पाठोपाठ हवामानावरील परिणाम, वापरलेली रसायने आणि कच्चा माल यांवरून प्रत्येक बुटाला गुण देण्याची पद्धत सुरू झाली. 2007 पासून पर्यावरणाचे भान ठेवून घडविलेल्या बुटांची स्वतंत्र मालिकाही निघाली. टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून काढलेल्या धाग्याचे अस्तर, पुन्हा वापरात आणलेल्या रबराचे तळ, आणि पुढे तर जीर्ण झाल्यावर भाग सुटे करता यावेत अशी रचना.

या हिशेबातून जे निघाले ते मात्र कंपनीलाही अनपेक्षित होते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार तिच्या एका जोडामागे हवेत जाणारा कर्बवायू सुमारे 10 किलोपासून 100 किलोपर्यंत होता. हा भार वाहतुकीचा असेल, जहाजांचा असेल, असा सर्वांचा समज. प्रत्यक्षात तो मुख्यतः चामड्याचा निघाला. आणि चामड्याचा म्हणजे ज्या जनावराचे ते चामडे त्याच्या चाऱ्याचा आणि रवंथ करताना त्याच्या पोटातून निघणाऱ्या मिथेन वायूचा. चामडे पुरविणारे कारखानदार यावर संतापले. त्यांचे म्हणणे असे की, जनावर मांसासाठी पोसले जाते, कातडे हे केवळ उपउत्पादन. तेव्हा हा भार मांसाच्या खात्यावर टाका. अखेर तोडगा निघाला तो व्यापाऱ्याला शोभेल असाच. जनावराच्या एकूण किमतीत कातड्याचा वाटा सुमारे 7 टक्के, म्हणून त्याच्या एकूण वायूंपैकी 7 टक्के बुटाच्या नावावर. गायीचे नाव निघाले की आपल्याकडे चर्चा भलत्याच वाटेला लागते. येथे प्रश्न निव्वळ जमाखर्चाचा आहे. आणि 7 टक्के धरूनही चामड्याच्या बुटाच्या खात्यात चामड्याचीच रक्कम मोठी राहते.

चामडे नको तर कृत्रिम द्रव्याचे बूट घाला, असे कोणी म्हणेल. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील संशोधकांनी 2013 मध्ये धावण्याच्या एका कृत्रिम बुटाची तपासणी केली. त्या जोडात 65 भाग होते आणि ते जोडण्यासाठी 360 हून अधिक क्रिया कराव्या लागत. कर्बवायूचा भार सुमारे 14 किलो, आणि त्यातला दोन-तृतीयांशाहून अधिक कच्च्या मालाचा नव्हे तर कारखान्यातल्या प्रक्रियेचा. अर्थात अस्तर बाटल्यांचे की कापसाचे, या जाहिरातीतल्या गोष्टीपेक्षा कारखान्याची वीज कोळशावर चालते की कशावर, ही न दिसणारी गोष्ट अधिक मोलाची.

आता 1 जून 2009 या दिवसाकडे वळू. ग्रीनपीस या संघटनेने त्या दिवशी एक अहवाल प्रसिद्ध केला. ब्राझीलमधील ॲमेझॉनचे अरण्य तोडून, जाळून तेथे गुरांची कुरणे केली जात आहेत आणि त्या गुरांचे चामडे जगातल्या नामांकित पादत्राणे-कंपन्यांकडे जाते, असा त्याचा आशय होता. त्या यादीत टिंबरलँडचेही नाव होते. पुढच्या काही आठवड्यांत जेफ्री स्वार्ट्झच्या नावे सुमारे 65,000 निषेधपत्रे संगणकावर येऊन पडली. त्याने नंतर स्वतःच लिहून ठेवले आहे की प्रथम त्याला राग आला. झाडे लावणारे आम्ही, सेवेला पगारी तास देणारे आम्ही, आणि आम्हालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता? राग ओसरल्यावर त्याने आपल्याच माणसांना विचारले, आपले चामडे नेमके कोणत्या कुरणातून येते? याचे खात्रीलायक उत्तर कंपनीत कोणाजवळही नव्हते.

आमच्या मते या सगळ्या हकिकतीचा गाभा येथे आहे. एकीकडे होर्चिनच्या वाळूत एकेक रोप जगविण्यासाठी माणसे ओणवी होत होती. दुसरीकडे त्याच कंपनीच्या खरेदी-खात्याला आपल्या मालापायी कोठे अरण्य पडते की काय, याचा पत्ता नव्हता. यात कोणी ढोंगी होता असे आम्ही म्हणत नाही. सेवा एका खात्यात चालत होती, खरेदी दुसऱ्या. आणि मधले दार बंद होते. कंपनीच्या पुण्याईचा भाग असा की तिने ते दार उघडले. पुरवठादाराकडे मुळापर्यंतची माहिती मागितली, जुलै अखेरपर्यंत नवे धोरण जाहीर केले. आणि 5 ऑक्टोबर 2009 रोजी ब्राझीलमधील चार मोठ्या मांस-चामडे कंपन्यांनी नव्याने तोडलेल्या अरण्यातील गुरे न घेण्याचे मान्य केले. पुष्कळ ग्राहक-कंपन्यांचा आणि संघटनांचा रेटा त्यामागे होता. एका टिंबरलँडचे ते श्रेय नव्हे. 2011 मध्ये ही कंपनी व्हीएफ या मोठ्या उद्योगसमूहाने सुमारे दोन अब्ज डॉलरना विकत घेतली.

हे सारे दूरदेशीचे, असे समजून वाचकांनी पान उलटू नये. चामड्याचा हिशेब आपल्या देशातही लिहिला गेला आहे, आणि तो पालार नदीच्या पाण्यावर. तामिळनाडूतील वेल्लूर परिसरातल्या कातडी कमावण्याच्या कारखान्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्ट 1996 रोजी दिलेला निकाल पर्यावरण-न्यायात मैलाचा दगड मानला जातो. प्रदूषण करणाऱ्याने त्याची भरपाई करावी, हे तत्त्व त्यात ठामपणे मांडले गेले. त्याच निकालपत्रात नमूद आहे की एक किलो चामडे कमावण्यास सुमारे 35 लिटर पाणी लागते, आणि त्या पट्ट्यातली जवळजवळ 35,000 हेक्टर शेतजमीन अंशतः वा पूर्णतः नापीक झाली आहे. कारखाने बंद पडले, शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली, निर्यातही चालू राहिली. आणि 28 वर्षांनंतर, जानेवारी 2025 मध्ये, त्याच न्यायालयाला त्याच पालारच्या काठच्या लोकांसाठी पुन्हा आदेश द्यावे लागले.

मग आपली कोल्हापुरी वहाण काय वाईट होती, असा विचार येथे मनात येतो. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात आठवडेच्या आठवडे मुरवून कमावलेले कातडे. त्यात क्रोमियम नाही, खिळा नाही, कृत्रिम रंग नाही. 2019 मध्ये महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून या वहाणेचे भौगोलिक मानांकन मिळाले. बेळगाव जिल्ह्यातले अथणी, निपाणी येथले कारागीर त्यात आले; सीमाप्रश्नाने जे जमविले नाही ते वहाणेने जमविले म्हणायचे! जून 2025 मध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच वहाणा प्रदर्शनात मिरविल्या आणि उगम सांगितला नाही, तेव्हा आपल्याकडे मोठा गहजब झाला. तो रास्तच होता. परंतु ज्या ढोर आणि चर्मकार समाजांनी ही विद्या शतकानुशतके जिवंत ठेवली, त्यांची घरे आपण गावकुसाबाहेर ठेवली आणि त्यांच्या हातचे पाणी वर्ज्य मानले. निसर्गाला न दुखविणारे पादत्राण आपल्यापाशी होते. ते घडविणाऱ्या माणसाला मात्र आपण निष्ठुरपणे दुखविले. तेव्हा परदेशी कंपनीच्या खात्यातली खाडाखोड दाखविताना आपल्या वहीतले हे पान झाकून चालणार नाही.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे. 2013 च्या कंपनी कायद्याने ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. नियमांत अशीही तरतूद आहे की कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेले काम या खर्चात धरता येत नाही. हेतू चांगला, कंपनीने आपलाच खर्च पुण्यकर्म म्हणून दाखवू नये. परिणाम मात्र असा झाला की सेवा आणि धंदा यांच्यामधले ते दार आपल्याकडे जणू कायद्यानेच लोटले गेले. झाडे, शौचालये, किनारे एका वहीत. सांडपाणी, वेष्टने आणि कच्चा माल दुसऱ्या वहीत. ही दुसरी वही मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 पासून वार्षिक अहवालात थोडीबहुत उघडावी लागते. परंतु तो अहवाल भागधारकांसाठी असतो, कोळंब किंवा केळशीच्या रापणकारासाठी नव्हे.

येत्या सप्टेंबरात मंडळी पुन्हा येतील. त्यांचे स्वागत आहे. गोण्या कमी पडल्या तर शेजारच्या घरांतून मिळतील. मात्र ज्या कंपन्यांचा माल बाटलीत, पुडीत वा प्लास्टिकच्या वेष्टनात विकला जातो, त्यांनी त्या सकाळी निघालेल्या कचऱ्यात आपल्या नावाचे नग किती निघाले ते मोजून त्याच दिवशी जाहीर करावे, अशी आमची मागणी आहे. मोजणी अवघड नाही. या उपक्रमात कचऱ्याची वर्गवार नोंद करण्याची पद्धत अगदी टेक्ससमधल्या पहिल्या वर्षापासून आहे आणि नोंदीचे कागद स्वयंसेवकांच्या हाती असतातच. त्यावर कंपनीच्या नावाचा एक रकाना तेवढा वाढवावा लागेल.