रंगविलेल्या भिंतीवर बाहेरून गिलावा करण्यापूर्वी

धान्याचे कोठार, गोठा, अवजारांची खोली इत्यादि शेतीच्या इमारतींच्या विटांच्या भिंती काही वर्षांनी पावसाचे पाणी पिऊ लागतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर नैर्ऋत्येकडून येणारा झडीचा पाऊस ज्या भिंतीवर आपटतो, तिच्या बाबतीत हा अनुभव विशेष येतो. अशा वेळी बाहेरून सिमेंटचा गिलावा करणे हा उपाय योग्यच आहे. परंतु भिंतीवर पूर्वीचा रंग असल्यास त्यावरच गिलावा चढविणे म्हणजे केलेला खर्च पाण्यात घालणे होय.

गिलावा भिंतीला धरतो तो दोन कारणांनी. विटेच्या सूक्ष्म छिद्रांत सिमेंटचे पाणी शिरून तेथे घट्ट होते, आणि भिंतीच्या खडबडीतपणात गिलाव्याला आधार सापडतो. रंगामुळे छिद्रे बुजतात व पृष्ठभाग गुळगुळीत होतो. मग गिलावा विटेला न धरता रंगाला चिकटतो. ऊन व पाऊस यांनी रंग सुटला की त्याबरोबर गिलावाही सुटतो. बारीक भेगांतून आत गेलेले पाणी गिलाव्याच्या मागे साचून राहते आणि भिंत पूर्वीपेक्षा अधिक ओल धरते. गहू, ज्वारी यांसारखे धान्य साठविताना त्यातील ओलावा १२ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये. ओल्या भिंतीला टेकलेल्या पोत्यांतील धान्य ओलावा शोषून घेते व त्यास बुरशी लागते.

भिंतीची परीक्षा

प्रथम भिंतीवर ओंजळभर पाणी मारून पाहावे. पाणी लवकर शोषले जाऊन तो भाग काळसर दिसू लागला, तर गिलावा धरण्याची शक्यता चांगली. अळवावरच्या पाण्याप्रमाणे थेंब ओघळून गेले, तर तेथे रंगाचा थर आहे असे समजावे. नंतर हातोडीने भिंत हलकेच ठोकावी. जेथे बद्द आवाज येईल, तेथील पोकळ भाग काढून टाकावा.

रंग काढणे

चुन्याची सफेदी पाण्याने भिजवून तारेच्या ब्रशाने घासली असता निघते. साधे डिस्टेंपर गरम पाण्याने मऊ करून पत्र्याने खरवडावे. तैलरंग किंवा प्लॅस्टिक इमल्शन मात्र नुसत्या घासण्याने निघत नाही. तो शक्य तितका खरवडून, राहिलेल्या भागावर छिन्नीने जवळजवळ खाचा पाडाव्यात. खाच रंगाच्या पार जाऊन विटेत उतरली पाहिजे. जेथे रंग मुळीच निघत नाही, तेथे जस्ताचा मुलामा दिलेली तारेची जाळी भिंतीत खिळे ठोकून पक्की बसवावी व तीवर गिलावा करावा.

या कामी एक धोका ध्यानात ठेवावा. जुन्या तैलरंगांत पुष्कळदा शिसे असते. घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा घालणारे नियम भारतात २०१६ साली निघाले व २०१७ च्या नोव्हेंबरपासून अंमलात आले. त्यापूर्वीच्या रंगाविषयी शंका धरणेच बरे. शिसे हे मुलांना आणि जनावरांना विष आहे. वासरांना तर भिंती चाटण्याची सवयच असते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी जनावरे दुसरीकडे बांधावीत व वैरण हलवावी. रंग कोरडा घासू नये, पाणी मारून खरवडावा. जाळून तर कधीच काढू नये. नाकातोंडावर चांगला मुखवटा बांधावा. खाली ताडपत्री अंथरून सर्व पोपडे गोळा करावेत. ते उकिरड्यावर किंवा शेणखतात टाकू नयेत. गोणीत बांधून घातक कचऱ्याच्या स्थानिक व्यवस्थेकडे द्यावेत.

पुढील तयारी

रंग निघाल्यावर विटांमधील दरजा सुमारे १० ते १२ मिलिमीटर खोल खरडून मोकळ्या कराव्यात. भिंतीला लोणा लागला असल्यास तो कोरड्या ब्रशाने झाडून काढावा आणि ओल कोठून येते याचा शोध घ्यावा. फुटलेली पन्हळ, वळचणीचे जोत्यावर पडणारे पाणी किंवा भिंतीशी साचलेली माती हे दोष आधी दूर न केल्यास नवा गिलावाही टिकणार नाही.

भिंत धुऊन धूळ काढावी. आदल्या दिवशी तिला पाणी द्यावे. काम करताना ती ओलसर असावी, परंतु पाणी निथळत नसावे. त्यानंतर १ भाग सिमेंट व २ भाग जाड वाळू यांचे पातळ मिश्रण थापीने भिंतीवर जोराने फेकावे. ते सारखे करू नये, खडबडीतच ठेवावे. दोनतीन दिवस त्यावर पाणी मारून मग खिळ्याने खरवडून पाहावे. थर सहज सुटला, तर भिंतीची तयारी अपुरी आहे असे समजून तेथेच थांबावे.

जुन्या, मऊ विटांवर सिमेंटचा फार कडक गिलावा करू नये. १ भाग सिमेंट, १ भाग चुना व ६ भाग वाळू हे प्रमाण अशा भिंतीस मानवते. पावसाळ्यानंतर भिंत वाळली की, कडक ऊन पडण्यापूर्वी हे काम उरकावे आणि गिलावा निदान सात दिवस ओला ठेवावा.

गवंड्याशी ठराव करताना रंग काढणे, खाचा पाडणे व दरजा खरडणे या कामांची मजुरी वेगळी ठरवावी. गिलावा चढल्यावर ही कामे झाकली जातात व मग ती तपासता येत नाहीत. म्हणून मालकाने उघडी भिंत स्वतः पाहून, पाणी मारून परीक्षा घेतल्याखेरीज गिलाव्यास आरंभ करू देऊ नये.