शितावरून भाताची परीक्षा : राउटरवरची मोजणी हलकी कशी करावी?



मागच्या वर्षी आमच्या संगणक कक्षात दीक्षावरचा व्हिडिओ लावला की नुसती चकरी फिरायची. मुलं बिचारी पाहत बसायची आणि तास निघून जायचा. कनेक्शन देणाऱ्याला आम्ही दोनदा फोन करून बोललोही. नंतर कळलं, चूक माझीच! इंटरनेट कुठं खर्च होतं हे पाहायला मीच राउटरवर डार्कस्टॅट हा प्रोग्रॅम टाकला होता. राउटरचा प्रोसेसर त्यातच गुंतला होता.

असं का होतं? राउटरमधून माहिती छोट्या पॅकेटमधून जाते. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरली आणि एक पॅकेट सरासरी १,००० बाइटचं धरलं, तर सेकंदाला १२,५०० पॅकेट होतात. (१० कोटी भागिले ८, भागिले १,०००. हे गणित वर्गात जरूर द्या.) डार्कस्टॅट प्रत्येक पॅकेट कुठून आलं, कुठं चाललं हे वाचतो. शाळा सुटताना गेटवर प्रत्येकाचं दप्तर उघडून पाहिलं तर जी गर्दी होईल, तीच इथं होते.

म्हणून आधी ठरवा, आपल्याला नेमकं काय हवंय. दिवसभरात एकूण किती डेटा गेला, एवढंच हवं असेल तर पॅकेट वाचायची गरजच नाही. राउटरमधलं लिनक्स ही बेरीज तसंही ठेवत असतं. व्हीएनस्टॅट फक्त तो आकडा अधूनमधून वाचतो, म्हणून राउटरवर त्याचा भार नगण्य. माझ्या मते बहुतेक शाळांना एवढं पुरे.

कोणत्या टॅबनं किती वापरलं हेही हवं असेल, तर डार्कस्टॅट ठेवा पण आवळून ठेवा. फिल्टर लावला की शाळेतल्या शाळेत फिरणारी पॅकेट त्याच्यापर्यंत येतच नाहीत. पत्त्यांची नावं शोधण्याचं काम बंद करता येतं. किती यंत्रांची नोंद ठेवायची यालाही मर्यादा घालता येते, म्हणजे मेमरी भरत नाही. आणि स्विचला पोर्ट मिररिंगची सोय असेल, तर पॅकेटची प्रत एखाद्या जुन्या कॉम्प्युटरकडे वळवा. वाचायचं काम तो करेल, राउटर मोकळा.

मोठ्या, गजबजलेल्या नेटवर्कवर नमुना पद्धत वापरतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्याकडची प्रत्येक विहीर मोजत नाही, ठरलेल्या निरीक्षण विहिरी मोजते. तसंच एसफ्लो हजारातलं एखादंच पॅकेट उचलतो. गंमत अशी, की अंदाज किती अचूक हे एकूण पॅकेटवर नाही, तर हाती आलेल्या नमुन्यांवर ठरतं. एखाद्या प्रकारच्या वापराचे १०० नमुने मिळाले तर चूक साधारण २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. १०,००० मिळाले तर २ टक्क्यांपर्यंतच. मात्र अगदी किरकोळ वापर यात निसटतो. एकाच टॅबवर काय उघडलं हे शोधायला ही पद्धत कामाची नाही.

बदल केल्यावर राउटरवर टॉप ही आज्ञा देऊन प्रोसेसर किती वापरात आहे ते बघा, पण सगळे टॅब सुरू असताना. मी आधी संध्याकाळी, शाळा सुटल्यावर बघायचो आणि सगळं ठीक दिसायचं!