“मी जाईन की हळूहळू!” – रुग्णाला पडण्याचा धोका का जाणवत नाही?

समजा, तुमचे बाबा पुण्याहून सनदला तुमच्याकडे आलेत आणि न्यूमोनियामुळे त्यांना सलमानिया रुग्णालयात दाखल करावं लागलं. चौथ्या दिवशी ताप उतरतो. नर्स बजावते, “उठायचं असेल तर बेल दाबा.” बाबा मान डोलावतात आणि रात्री दोन वाजता सलाईनचा स्टँड धरून एकटेच बाथरूमकडे निघतात. विचारलं तर म्हणतात, “एवढ्यासाठी कुणाला कशाला त्रास? घरी रोज चार किलोमीटर चालतो मी!”

बाबा खोटं बोलत नाहीत. पण ते चार किलोमीटर आजारापूर्वीच्या शरीराचे आहेत. आपल्या ताकदीचा अंदाज आपण अनुभवावरून बांधतो, आणि पडून राहिलेल्या माणसाला नवा अनुभव मिळतच नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या ११ निरोगी व्यक्तींना दहा दिवस अंथरुणात ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं, मुख्यतः स्नायूंचं, जवळजवळ एक किलो वजन घटलं. हे तर आजार नसताना!

दुसरी गोष्ट रक्तदाबाची. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. एरवी शरीर काही सेकंदांत ते सावरतं. पण ताप, शरीरातलं कमी झालेलं पाणी किंवा रक्तदाबाच्या गोळ्या यांमुळे ही सावरासावर मंदावते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टर त्याची दखल घेतात. आडवं असताना मात्र याचा पत्ताही लागत नाही.

जॅनिस मोर्स यांनी १९८९ मध्ये मांडलेली धोका मोजण्याची पट्टी आज अनेक देशांत वापरतात. तिच्यात आधी पडल्याचे २५ गुण, सलाईनचे २०. आणि एक प्रश्न मजेशीर आहे: “बाथरूमला एकटे जाऊ शकाल का?” रुग्णाचं उत्तर त्याच्या खऱ्या क्षमतेपेक्षा जास्त असेल, तर आणखी १५ गुण. म्हणजे फाजील आत्मविश्वास हाच एक धोका!

याची उलट बाजूही आहे. सिडनीत घरी राहणाऱ्या ७० ते ९० वयाच्या ५०० जणांच्या अभ्यासात (२०१०) सुमारे २० टक्के लोक धोका असून निर्धास्त होते, तर ११ टक्के लोक धोका कमी असूनही घाबरलेले होते. भीतीने माणूस हालचाल टाळतो, स्नायू आणखी झिजतात आणि धोका खरोखरच वाढतो. म्हणून “उठूच नका” हा सल्लाही बरा नव्हे.

मग उपाय? ऑस्ट्रेलियातल्या १२०० हून अधिक रुग्णांवरच्या प्रयोगात (२०११) नुसती पुस्तिका आणि व्हिडिओ देऊन फरक पडला नाही. त्याच्या जोडीला प्रशिक्षित व्यक्तीने पलंगाशी बसून बोलणं झालं, तेव्हा स्मरणशक्ती शाबूत असलेल्या रुग्णांचं पडणं निम्म्यावर आलं.

वॉर्डातल्या नर्सला मराठी येत नसेल, तर हे बोलणं तुम्हीच करा. “सांभाळून हं” एवढ्यावर थांबू नका. “रात्री जावंसं वाटलं तर आधी काय कराल?” असं विचारा आणि उत्तर त्यांनाच देऊ द्या: बेल दाबायची, चष्मा लावायचा, पाय जमिनीला टेकवून मिनिटभर बसायचं, मगच उभं राहायचं. आणि हेही सांगा की बेल दाबणं म्हणजे कुणाला त्रास देणं नव्हे. ती त्यासाठीच तिथे आहे.