रुबेला : एका ‘पॉझिटिव्ह’वर निर्णय नको

शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील एका कामगाराची पत्नी बाह्यरुग्ण विभागात आली. अकरावा आठवडा. बाहेर केलेल्या ‘टॉर्च’ तपासणीत ‘रुबेला आयजीएम पॉझिटिव्ह’. तिचा एकच प्रश्न होता, ‘डॉक्टर, पिशवी रिकामी करावी लागेल का?’ तिला ताप आला नव्हता, अंगावर पुरळही नव्हते.

भीती निराधार नाही. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी बाळांचा जन्मजात मोतीबिंदू आणि आईला गरोदरपणी झालेला रुबेला यांचा संबंध दाखवला. पहिल्या १२ आठवड्यांत लागण झाली, तर बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांना मोठा धोका असतो. म्हणूनच रिपोर्ट नीट वाचायला हवा.

आयजीएम ही नव्या संसर्गाची प्रतिपिंडे. पुरळ उठल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत ती अनेकदा सापडत नाहीत. नंतर साधारण दीड-दोन महिने दिसतात. मात्र पार्व्होसारखा दुसरा विषाणू किंवा रक्तातील संधिवाताचा घटक यांमुळेही ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह येते. लक्षणे नसलेल्या गर्भवतींमध्ये हे विशेष घडते.

आयजीजी ही टिकणारी प्रतिपिंडे. ती एकदाच आढळली, तर पूर्वी आजार झाला किंवा लस घेतली, एवढेच कळते. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने एकाच वेळी तपासले आणि पातळी चौपट वाढलेली दिसली, तर संसर्ग ताजा.

तिसरी चाचणी ‘ॲव्हिडिटी’, म्हणजे प्रतिपिंडांची पकड. नव्या संसर्गात पकड सैल असते, काही महिन्यांत ती घट्ट होते. या महिलेची पकड घट्ट निघाली. दुसऱ्या नमुन्यातही पातळी वाढली नव्हती. म्हणजे संसर्ग असलाच, तर तो गर्भधारणेपूर्वीचा. गर्भपाताचे कारण उरले नाही.

नवजात बाळात आयजीएम अधिक महत्त्वाचे. आईची आयजीजी वारेतून बाळाकडे जाते, आयजीएम जात नाही.

लक्षणे किंवा रुग्णाशी संपर्क नसताना प्रत्येक गर्भवतीची ‘टॉर्च’ तपासणी करण्याची गरज नाही. राज्यात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेला मोहीम झाली, ती नऊ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी. त्याहून मोठ्या अनेक मुली लसीविना राहिल्या. त्यांनी गर्भधारणेपूर्वी आयजीजी तपासावे. नसल्यास लस घेऊन महिनाभर गर्भधारणा टाळावी. गरोदरपणात ही लस देत नाहीत.