ट्रॉलीच्या पाठीवरची अक्षरे

माळशेज घाट उतरून कल्याणच्या मार्केटला भाजीपाला नेणारे आपल्यात पुष्कळजण आहेत. टोकावडे, सरळगाव, मुरबाड ही गावे त्यांना तोंडपाठ. सरळगावला एक फाटा फुटतो. तो किन्हवलीवरून शहापूरला, म्हणजे मुंबई-नाशिक रस्त्याला जाऊन मिळतो. हा सगळा भाताचा मुलूख. थोडी नागली, वरी आणि हल्ली भेंडी; ऊस म्हणाल तर नावाला. मग कारखान्याच्या अंकात या गावांचे काय काम, असे कोणीही विचारील. काम आहे ते गाड्यांवरच्या अक्षरांचे. वाचून झाल्यावर ते आपले आहे की नाही हे सभासदांनीच ठरवावे.

दिवाळीनंतर पुतण्याच्या नव्या पिकअपमध्ये बसून मी खाली गेलो होतो. त्याला काचेवर आजोबांचे नाव आणि बाजूच्या फळ्यांवर बैलजोडीचे चित्र घालून घ्यायचे होते. आपल्याकडे काय दुकाने नाहीत का, असे मी म्हटले. पण तरुण मुलांना कोणाची तरी गाडी आवडलेली असते, तेथूनच करून घ्यायचे असते. मुरबाडच्या अलीकडे एका गॅरेजपाशी थांबलो. मला वाटले पाटी बिटी असलेले दुकान असेल. तर एक पोरगा मोटारसायकलवर आला. पाठीला लॅपटॉपची पिशवी, मागे दोरीने बांधलेले रंगीत व्हिनाइलचे गुंडाळे. दुकान नाही, मालक नाही. कापायचे यंत्र, ज्याला प्लॉटर म्हणतात, ते घरी पडवीत ठेवलेले. गिऱ्हाइकाने आदल्या दिवशी फोनवर गाडीचा फोटो व मापे पाठवायची; हा रात्री चित्र जुळवून, कापून, सकाळी गाडी असेल तेथे जाऊन चिकटवून देतो.

शहापूर-आसनगावकडचे टेम्पोवाले, शाळांच्या बसगाड्या, रुग्णवाहिका, जे.सी.बी. हे त्याचे गिऱ्हाईक. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो, तो ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्या कामावर जे डंपर आणि मशिनरी आली तिच्यावरची नावे घालण्यात त्याचे दोन हंगाम बरे गेले म्हणाला. पावसाळ्यात मात्र धंदा बसतो. पत्रा ओला असला की डिंक धरत नाही. मग तो घरच्या भाताकडे बघतो. दसऱ्याला नव्या गाड्या निघतात तेव्हा पुन्हा सुरू.

मला वाटले होते, कॉम्प्युटरवर नाव टाइप केले की यंत्र कापून देत असेल. तसे नाही. मराठी अक्षरांना वर शिरोरेषा असते आणि कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. पडद्यावर ते दिसत नाही, पण यंत्राचे पाते प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापीत जाते, आणि नावाच्या मथळ्यावर चिरा पडतात. म्हणून आधी सगळी अक्षरे एकमेकांत वितळवून एक आकार करावा लागतो. इंग्रजी अक्षरे सुटी असल्याने त्यांना हा त्रास नाही. कापून झाल्यावर नको तो भाग चिमट्याने उपटून काढायचा. त्या वेळी अनुस्वार हमखास उडतो. ‘वडिलांचा’चे ‘वडिलाचा’ होते ते असे.

‘आशीर्वाद’ हा शब्द तर गाड्यांवर दहांपैकी किती ठिकाणी बरोबर असतो, आपणच बघा. रफार ‘श’वर चढवून ‘आर्शिवाद’ करण्याची जणू रीतच पडली आहे. मी त्याला मुद्दाम विचारले. तो हसला. म्हणाला, “काका, मी बरोबर लिहून नेतो, तर गिऱ्हाईक बोलतं चुकलंय, बाकीच्यांच्या गाडीवर बघ. मग त्याला मोबाईलवर दाखवायचं. तरी नाय ऐकलं तर आपलीच दोन फूट शीट वाया.”

पैशाचे म्हणाल तर डिझाइनचे कोणी देत नाही. रात्रभर बसून बैलाचा वशिंड-शिंगांचा आकार त्याने जुळवला असेल, पण हिशेब होतो तो चिकटवलेल्या चौरस फुटांचा. उधारी वेगळी. पूर्वी या धंद्याला नंबरप्लेटचा मोठा आधार होता. रोजचा भाकरीपुरता पैसा त्यातून निघे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कंपनीकडूनच सरकारी नमुन्याची सुरक्षा नंबरप्लेट येऊ लागली, पुढे जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली, आणि ते उत्पन्न गेले. ४१४१ आकडा वाकवून ‘दादा’ करण्याची हौसही त्याबरोबर बरीचशी आटोपली. ते एक बरेच झाले म्हणायचे. ‘हॉर्न ओके प्लीज’चेही असेच. आपल्या राज्याच्या परिवहन खात्याने एप्रिल २०१५ मध्ये ते लिहिण्यास बंदी केली, कारण ते वाचून मागचा उगाच हॉर्न वाजवीत बसतो. तरी अजून कोणी कोणी लिहून मागतातच.

गाडी नटवण्याची हौस काही आजची नव्हे. पोळ्याला आपण बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावून वर बेगड चिकटवीत आलो, ते तरी दुसरे काय होते? मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष महिन्यात मोठी जत्रा भरते, जनावरांचा बाजार भरतो. बैल जाऊन टेम्पो आला, बेगड जाऊन व्हिनाइल आले. मधल्या काळात ब्रश आणि ऑइल पेंट घेऊन पेंटर होता. पेंटरचे अक्षर पत्र्यावर वीस-वीस वर्षे टिकलेले आपण पाहिले आहे. व्हिनाइलला ते आयुष्य नाही, हे तो मुलगाही कबूल करतो.

व्हिनाइलमध्येही दोन जाती आहेत. स्वस्त जात गरम रुळांत दाबून, ताणून पातळ करतात. तिच्यात तो ताण राहतो आणि एक-दोन उन्हाळ्यांत ती आखडते, कडेला डिंकाची काळी रेघ दिसू लागते. दुसरी जात पातळ ओतून वाळवतात. ती ताणलेली नसल्याने बॉनेटच्या गोलाईवरही निपचित बसते. अर्थात ती महाग. ट्रॉलीच्या सपाट फळीला पहिली चालते. ट्रॅक्टरच्या बॉनेटला ती लावून घेऊ नये.

आता मुख्य गोष्ट. या वस्तूला आपण सरसकट ‘रेडियम’ म्हणतो. रेडियम हा पॅरिसमध्ये मादाम क्यूरी व त्यांचे पती यांनी १८९८ साली शोधलेला पदार्थ. पूर्वी घड्याळाचे काटे अंधारात दिसावेत म्हणून तो रंगात घालीत, आणि तो रंग लावणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुली त्याने दगावल्या. आपल्या पट्टीत त्याचा कणही नाही. चमकणाऱ्या पट्टीत काचेचे अतिबारीक मणी किंवा प्लास्टिकच्या सूक्ष्म लोलकांचे दाणे असतात. बॅटरी मारल्यावर गोठ्यात बैलाचे डोळे कसे चमकतात? तसाच येणारा उजेड ते आल्या वाटेने परत फेकतात. अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीने १९३९ मध्ये रस्त्याच्या पाट्यांसाठी असा कागद काढला, तेव्हापासून हे चालत आले आहे.

पण प्रत्येक रंगीत व्हिनाइल काही असे चमकत नाही. हे मला कळायला फार वेळ लागला. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. माघाचे दिवस, रात्रीचे साडेदहा. आमची उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. ड्रायव्हर जॅक आणायला गेलेला. मागे दगड लावले होते, दिवा नव्हता. मोटारसायकलवरचा एकवीस वर्षांचा मुलगा सरळ येऊन उसात घुसला. जीव वाचला, उजवा पाय गुडघ्याखाली कायमचा आखूड झाला. ट्रॉलीच्या फळीवर हातभर उंचीची सोनेरी अक्षरे होती, ‘नाद करायचा नाय’. मीच हौसेने घालून घेतलेली. दिवसा अर्ध्या मैलावरून दिसत. रात्री ती काळ्या फळीवर काळीच होती. शिवाय ऊस फळीच्या मागे तीन फूट लोंबत होता, तेव्हा अक्षरे चमकणारी असती तरी झाकलीच गेली असती.

हे मी त्या मुलाला सांगितले. त्याने बैलजोडीचे काम बाजूला ठेवले आणि गॅरेजच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मला दोन तुकडे भिंतीला लावून दाखवले. दुसऱ्या टोकाला जाऊन मोबाईलची बॅटरी कपाळाशी धरायला सांगितली. एक तुकडा पेटल्यासारखा दिसला, दुसरा नुसता तांबूस. दोन्ही दुकानात ‘रेडियम’ म्हणूनच मिळतात. सभासदांनी पट्टी घेताना हीच परीक्षा करावी: रात्री पन्नास पावले दूर जावे, बॅटरी हात लांब करून न धरता डोळ्याच्या शेजारी धरावी. डोळ्याशेजारी धरली नाही तर चांगली पट्टीही फसवते, कारण उजेड परत येतो तो निघाल्या ठिकाणीच.

पट्टीचे रंगही ठरलेले आहेत. पुढे पांढरा, बाजूला पिवळा, मागे तांबडा. मागून येणाऱ्याला तांबडे दिसले की गाडीची पाठ आहे हे कळते. मागे पिवळी-पांढरी नक्षी करून हा इशारा बिघडवू नये. मोठ्या गाडीला पट्टी पन्नास मिलिमीटर रुंदीची असते. गंजावर, ग्रीसवर, मळीच्या राबडीवर ती चिकटत नाही. थिनरने पुसून, कोरडे करून, रिबिटाच्या ठिकाणी तोडून लावावी. कोपरे गोल कापावेत, म्हणजे पाचट अडकून उचकटत नाहीत.

ट्रॅक्टरसाठी आणखी एक खूण जगात चालते. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातील केन हार्कनेस या शेती-अभियंत्याने १९६२ मध्ये सावकाश चालणाऱ्या वाहनांसाठी एक त्रिकोण तयार केला. मध्ये झगझगीत नारिंगी, भोवती चमकणारी तांबडी किनार. दिवसा नारिंगी उठून दिसते, रात्री तांबडा पोकळ त्रिकोण. मागून ताशी साठ-सत्तरने येणाऱ्याला पुढची वस्तू बैलाच्या चालीने चालली आहे हे लांबूनच समजावे, एवढाच त्याचा हेतू. हा त्रिकोण आमच्या त्या मुलाने पाहिलेला नव्हता. फोनवर चित्र काढून बघितले, मापे लिहून घेतली आणि म्हणाला, “हे तर माझ्या पडवीत होईल, काका.”

उसाच्या लोंबत्या शेंड्यांवर त्यानेच तोड काढली. हातभर रुंद, पाच-सहा फूट लांब अशी हलकी फळी घ्यावी. तिच्यावर तांबडी पट्टी आणि मध्ये त्रिकोण. दोन टोकांना साखळी. ट्रॉली भरली की मोळ्यांच्या बाहेरून, गाडीच्या अगदी शेवटी ती टांगावी. गव्हाणीत खाली होताना काढून ठेवावी. दोन ट्रॉल्या असल्या तर मागचीला लावावी. टायरबैलगाडीला अशीच लहान फळी पुरते. सगळा खर्च एक टन उसाच्या पैशापेक्षा कमी येतो. हंगामाच्या सुरुवातीला बहुतेक कारखाने आणि आर.टी.ओ. रिफ्लेक्टर लावून देतात, ते ठीकच. पण गोल चकत्या एका महिन्यात चिखलाने माखतात आणि पुसायला कोणी उतरत नाही. ड्रायव्हरने टायरची हवा बघताना एकदा फडके मारावे.

पुतण्याची बैलजोडी छान उठली. आजोबांच्या नावातला अनुस्वारही जागेवर आहे. पंधरा दिवसांनी तो मुलगा आठवडी बाजाराच्या निमित्ताने घाट चढून आमच्याकडे आला, बरोबर तांबड्या पट्टीचा एक रोल. ‘नाद करायचा नाय’ खरवडून टाक म्हणून मी सांगितले, तर नको म्हणाला; जुने अक्षर आहे, राहू दे. त्याच्याखाली त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी ओढली, वाकून अंगठ्याने कडा दाबल्या, आणि अंधार पडल्यावर दोघे रस्त्यावर जाऊन मोटारसायकलच्या उजेडात बघून आलो. शेजारच्या तीन ट्रॉल्यांची मापे त्याच रात्री त्याने वहीत उतरवून घेतली.