कंबरमोडीचा पाला आणि शेतातील जखम

आर्णी तालुक्यासारख्या कापूस पिकविणाऱ्या भागात बांधावर कंबरमोडी ऊर्फ एकदांडी सहज आढळते. विळ्याने कापल्यास हिच्या पाल्याचा रस लावून रक्त थांबविण्याची रीत खेड्यांत रूढ आहे. उंदरांवरील प्रयोगांतही या पाल्याच्या अर्काने जखम भरण्यास साहाय्य झाल्याचे दिसले आहे. मात्र ही वनस्पती जमिनीलगत पसरते. तिच्या पाल्यास माती लागलेली असते. धनुर्वाताचे जंतू माती व शेणात असतात. म्हणून जखम प्रथम साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी आणि स्वच्छ फडक्याने दाबून धरावी. पाला वापरावयाचाच झाल्यास धुऊन, केवळ किरकोळ खरचटण्यावर लावावा. शेण-माती कदापि लावू नये. जखम खोल असल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वातप्रतिबंधक लस टोचून घ्यावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हे घरोघर समजावून द्यावे.