कृष्णराव ऐकतात तेव्हा

'हसवाफसवी'त दिलीप प्रभावळकर सहा भूमिका करायचे. चिमणराव, नाना पुंजे, प्रिन्स वांटुंग पिंटुंग, बॉबी मॉड, दीप्ती आणि शेवटी कृष्णराव हेरंबकर. नाटकही त्यांनीच लिहिलेलं. दादरच्या शिवाजी मंदिरात मी ते पाहिलं तेव्हा मध्यंतरात चर्चा होती ती कपडे बदलण्याच्या वेगाची. वेग थक्क करणारा होताच. पण विंगेत कपडेपट आणि रंगभूषा सांभाळणारी तयारीची माणसं असली, की तो सरावाने साधतो. पुढच्या रांगेतून मला दिसलं ते वेगळंच: पात्र बदललं, की त्यांचा श्वास बदलायचा.

चिमणरावाचा श्वास गळ्याशीच अडकलेला. त्यामुळे आवाज बारीक, वाक्य अर्ध्यावर धापा टाकणारं, आणि घाबरट माणसाची ती सगळी लगबग. कृष्णराव हे संगीत नाटकांच्या जमान्यातले वृद्ध गायक नट. पदाची ओळ घ्यायची तर आधी छाती भरून दम घ्यायची सवय अंगात जिवंत आहे, आणि छातीत तेवढा दम मात्र उरलेला नाही. ती पोकळी प्रभावळकर उघडी ठेवत. म्हातारपणाची नक्कल म्हणून सुरू झालेला हशा हळूहळू विरत जायचा. समोरचं माणूस बोलत असताना कृष्णरावांपर्यंत शब्द उशिरा पोचायचे, त्यातले काही पोचायचेच नाहीत, आणि न पोचलेल्या शब्दांचा शोध त्यांच्या डोळ्यांत चाललेला असायचा. संवाद नसताना केलेलं इतकं काम मी फार थोड्या नटांकडे पाहिलं आहे.

हीच ऐकण्याची ताकद छोट्या पडद्यावर त्यांच्या फार कामी आली, असं मला वाटतं. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ अवतरले आणि बाळ कर्वे यांच्या जोडीने ते घरोघरी पोचले. पुढे 2001 साली अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका सुरू झाली. मुळात ते प्रभावळकरांचंच लेखन, 'अनुदिनी'. दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. प्रभावळकर तेव्हा साठीच्या आत होते, आणि त्यांनी साकारलेले आबा टिपरे होते नातवंडं मोठी झालेले आजोबा. मुलगा-सून आणि शलाका, शिऱ्या ही नातवंडं यांचा गोंधळ चालू असताना कॅमेरा आबांवर यायचा आणि ते काहीच करत नसायचे. नजर फक्त एकाकडून दुसऱ्याकडे सरकायची, ओठ मिटलेले, आणि आता हे काहीतरी बोलणार अशा क्षणी ते गप्प बसायचे. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची ती प्रतिक्रिया इथे भुवईपुरती आक्रसलेली. माप बदललं, पण आतली क्रिया तीच.

विनोदी नट या शिक्क्यात हे काम बसत नाही. जयवंत दळवींच्या 'नातीगोती'त त्यांनी मतिमंद मुलाच्या बापाची भूमिका केली. मुलगा होता अतुल परचुरे. मग 1991च्या 'चौकट राजा' चित्रपटात ते स्वतः तसाच नंदू झाले. एकच दुःख आधी बाहेरून, मग आतून. आणि या दोन भूमिकांमध्ये फार वर्षांचं अंतरही नाही. अशी जोडी दुसऱ्या कुठल्या मराठी नटाच्या वाट्याला आल्याचं मला आठवत नाही. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीणही त्यांचीच, आणि मतकरींच्याच 'आरण्यक'मधला विदुरही. 'आरण्यक' 2018 साली पुन्हा रंगमंचावर आलं, तेव्हा सत्तरी ओलांडलेले प्रभावळकर पुन्हा विदुर म्हणून उभे राहिले.

'लगे रहो मुन्नाभाई'तल्या गांधींनंतर देशभर त्यांचं नाव झालं, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचा आनंद आहेच. पण ते गांधी आभाळातून पडले नव्हते. मुन्नाचं बोलणं शांतपणे ऐकून घेणारा, उत्तराची घाई नसलेला तो म्हातारा मला ओळखीचा वाटला, कारण तसं ऐकणं त्यांनी रंगमंचावर प्रयोगागणिक घोटून घेतलं होतं.

अभिनय शिकणारी मुलं मला भेटतात तेव्हा 'हसवाफसवी'तल्या आवाजांच्या नकला करून दाखवतात. मी त्यांना सांगतो, नाटकाचं चित्रीकरण मिळवा, कृष्णरावांचा प्रवेश लावा, आणि ते बोलत नसतील तेवढाच भाग आधी बघा.